सुटकेचे डोहाळे

डोहाळ्यांना आमच्या वाङ्मयांत मोठा मान आहे. कालिदासाची सुदक्षिणा गर्भवती झाली तेव्हां तिला माती खावीशी वाटूं लागली, आणि दिलीप राजानें तिच्या मुखाचा मृद्गंध हुंगून हुंगून आनंद मानला, हें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत ज्यानें वाचलें आहे त्याला राजाची थोडी थट्टा करावीशी वाटली तरी त्याचा हेवाहि वाटल्यावांचून राहत नाहीं. भवभूतीच्या सीतेला पुन्हां एकदां वनांत हिंडावें, भागीरथींत डुंबावें असे डोहाळे झाले, आणि त्या निष्पाप इच्छेचेंच निमित्त करून तिला वनांत सोडण्यांत आलें. वृक्षांनाहि डोहाळे होतात. सुंदर स्त्रीच्या पायाची लाथ बसल्यावांचून अशोक फुलत नाहीं, असा कविसंकेतच आहे. वैद्यकानें तर या इच्छेला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. गर्भाचें हृदय व्यक्त झालें म्हणजे स्त्री दोन हृदयांची होते. तिची इच्छा ही केवळ तिची नसून पोटांतील जीवाचीहि असते. ती डावलली तर गर्भाला अपाय होतो, असें सुश्रुतानें सांगून ठेवलें आहे. तात्पर्य, गर्भिणीनें मागावें आणि घरच्यांनीं आणून द्यावें, हा आमच्या संस्कृतींतील एक निर्विवाद नियम होय. ज्या घरांत सुनेला एरव्हीं दुसऱ्यांदा चहा मागण्याची चोरी, त्या घरांतसुद्धां हे नऊ महिने तिच्या जिभेचे चोचले पुरविले जात, असें आमच्या मागच्या पिढीच्या बायका सांगतात.

आमच्या कन्येच्या बाबतींत या सर्व परंपरेची पंचाईत झाली. तिला सहावा आठवडा लागतो न लागतो तोंच उलट्या सुरू झाल्या. इतर बायकांना सकाळीं मळमळतें, दुपारीं बरें वाटतें, आणि चौथा महिना उलटला कीं त्या चिंचेच्या आणि आवळ्याच्या गोष्टी बोलूं लागतात. हिला चोवीस तास सारखेच. भाताला वाफ आली कीं ओकारी, फोडणीचा वास आला कीं ओकारी. पुढें पुढें तर घोटभर पाणी पोटांत गेलें तरी तें पांच मिनिटांत परत. दोनदां तिला इस्पितळांत ठेवून शिरेंतून सलाईन द्यावें लागलें. तीन महिन्यांत वजन सात किलोंनीं उतरलें. ज्या काळांत पोट दिसूं लागावें त्या काळांत गालफडें दिसूं लागलीं. सहाव्या महिन्यांत उलट्या थोड्या आवरल्या, तों रक्तांत साखर निघाली. मग दिवसांतून चारदां बोटाला सुई टोंचून रक्त तपासणें आणि पोटाच्या कातडीखालीं इन्सुलिन घेणें हा क्रम सुरू झाला. म्हणजे भूक लागूं लागली तेव्हां खाण्यावर बंदी आली. डोहाळजेवणाला तिला हिरवी साडी नेसविली, फुलांची वाडी भरली, झोपाळ्यावर बसविली. झांकलेल्या वाट्यांपैकीं तिनें उघडली ती पेढ्याची निघाली, आणि तो पेढा तिच्या नवऱ्यानें खाल्ला.

त्याच समारंभांत कोणीतरी रीतीप्रमाणें विचारलें, "काय ग, डोहाळे कसले लागले?" ती म्हणाली, "एपिड्यूरलचे." तरुण मुली खळखळून हंसल्या. एका वृद्ध बाईंना ती एखादी नवी मिठाई असावी असें वाटलें. त्यांनीं मनापासून विचारलें, "मिळते का पुण्यांत?"

प्रश्न त्यांना वाटला त्याहून अधिक मार्मिक होता. त्याकडे आम्ही पुढें येऊं. प्रथम ज्या वाचकांस हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें लिहिणें अवश्य आहे. आमचा विषय इंग्रजी वाङ्मय, वैद्यक नव्हे. परंतु गेल्या तीन महिन्यांत कन्येनें आमच्याकडून या विषयाचा चांगलाच अभ्यास करून घेतला आहे. पाठीच्या कण्यांत मज्जारज्जूभोवतीं एक चिवट आवरण असतें. त्या आवरणाला न भेदतां, त्याच्या लगत बाहेरच्या अंगाला जी अरुंद पोकळी आहे तींत, कमरेच्या दोन मणक्यांमधून एक सुई नेतात. सुईचें टोंक किंचित् वांकविलेलें असतें. तिच्यांतून शेवयीसारखी बारीक नळी आंत सोडतात, सुई काढून घेतात, आणि नळी पाठीला चिकटपट्टीनें बसवून ठेवतात. मग तिच्यांतून बधिर करणारें पातळ औषध थोडें थोडें जात राहतें. गर्भाशयाकडून निघालेला वेदनेचा निरोप मेंदूला पोंचण्याआधीं वाटेंतच अडविला जातो. बाई शुद्धीवर असते, बोलते, हंसते. कळ आली हें पोटाच्या घट्टपणावरून तिला समजतें. मूल खालीं सरकल्याचा दाब बहुधा जाणवतो. दाब राहतो, वेदना जाते. शस्त्रक्रियेसाठीं या वाटेचें वर्णन १९२१ सालीं फिदेल पाजेस या स्पेनच्या लष्करी शल्यवैद्यानें केलें. दोन वर्षांनीं तो मोटारीच्या अपघातांत गेला, आणि त्याचें श्रेय बरींच वर्षें दुसऱ्याच्या नांवावर राहिलें.

परंतु आम्हांला खरें नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. औषध पाठींत जावयास अजून दोन महिने होते, तरी त्याचा गुण येऊं लागला होता. रात्रीं दोन वाजतां ओकून झाल्यावर ती न्हाणीघराबाहेरच्या भिंतीला टेकून बसे, आणि आम्ही पाणी घेऊन गेलों कीं याच विषयावर बोलूं लागे. प्रवासाला निघणारा मनुष्य गाडीचें वेळापत्रक जसें पुन्हां पुन्हां वाचतो तशी ती वाची: केव्हां मागतां येतें, किती वेळांत गुण येतो, नळी सरकली तर काय करतात. एकदां ती म्हणाली, "बाबा, या नऊ महिन्यांत मला काय काय झालं त्यांतलं एकहि मला विचारून झालं नाहीं. तेवढं एक दुखणं असं आहे, कीं मी 'पुरे' म्हटलं तर कोणीतरी ऐकणार आहे." आम्हीं पुष्कळ वर्षें शोकान्त नाटकें शिकविलीं. वेदनेपेक्षां वेदनेची निरुपायता मनुष्याला अधिक मोडते, हें वर्गांत आम्ही दरसाल सांगत आलों. परंतु त्याचें उदाहरण इतकें जवळ, टॉवेल खांद्यावर टाकून बसलेलें, कधीं पाहिलें नव्हतें.

मात्र चिंच मागणाऱ्या गर्भिणीला जें सहज मिळतें तें हिला मिळेना. चिंचेला कोणी विरोध करीत नाहीं. या मागणीला आप्तेष्टांपैकीं ज्याला त्याला कांहींतरी म्हणावयाचें होतें. पाठींत सुई घेतली कीं जन्माची पाठ धरते, असें एका मावशींनीं ठासून सांगितलें. बाळंतपणानंतर पाठ पुष्कळ जणींची दुखते, सुई घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीहि. सुईमुळें ती कायमची दुखत राहते असें तपासाअंतीं आढळलेलें नाहीं. पण मावशींची पाठ दुखत होती एवढें खरें, आणि त्यांना ही सुई कधींच मिळाली नव्हती.

आणखी एक बाई आहे; ती प्रत्येक घरांत येते. ती सकाळीं शेतांत खुरपावयास जाते, दुपारीं बांधावर बाळंत होते, आणि तिन्हीसांजेला मूल टोपलींत घालून, टोपली डोक्यावर घेऊन घरीं येते व भाकऱ्या थापते. आम्हांला आजवर तिचें गांव कोणी सांगूं शकलेलें नाहीं. दुखलें किती, हें तिला कोणी विचारल्याचेंहि ऐकिवांत नाहीं. आणि जी त्या बांधावरून परत आलीच नाहीं तिची गोष्ट डोहाळजेवणाच्या पंक्तींत कोणी काढीत नाहीं. हीच बाई थोड्या निराळ्या वेषांत ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टराच्या १९३३ सालच्या पुस्तकांत भेटते. भीतीनें ताण येतो व ताणानें वेदना वाढते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. धीर देणारें माणूस उशाशीं असलें तर कळा सुसह्य होतात, हा अनुभव आहे. परंतु सुधारणेपासून दूर राहिलेल्या लोकांच्या बायका सहज बाळंत होतात, ही जी त्याची समजूत, ती आमच्या मावशींच्या शेतकरणीइतकीच ऐकीव होती. वांझेला वेणा काय कळणार, अशी एक निर्दय म्हण आपल्यांत आहे. ती करणाराला वेणा न कळणारांची दुसरी एक फार मोठी जात कशी दिसली नाहीं, याचें आम्हांला आश्चर्य वाटतें.

आमचे एक सहाध्यापक संस्कृताचे गाढे पंडित आहेत. वेदनेवांचून वात्सल्य नाहीं, असें त्यांचें मत पडलें. गेल्या पावसाळ्यांत त्यांची दाढ किडली होती, तेव्हां हिरडींत सुई बसतांच स्वर्गसुख झालें हें त्यांनींच आम्हांस सांगितलें होतें. त्यामुळें उरलेल्या दांतांवरील त्यांची माया कमी झालेली दिसत नाहीं. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, वात्सल्याचें उदाहरण म्हणून आपण जिचें नांव घेतां त्या यशोदेनें कृष्णासाठीं किती कळा दिल्या? भागवताप्रमाणें तर त्या रात्रीं श्रमानें व निद्रेनें तिची स्मृति इतकी हरपली होती कीं आपल्याला मुलगा झाला कीं मुलगी हेंहि तिला कळलें नाहीं. पंडितजी हंसून म्हणाले, "तो अपवाद."

वेदना सोसणें हा बाईचा धर्म आहे, हा विचार आमच्याच देशाचा असें मात्र कोणी समजूं नये. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सननें जानेवारी १८४७ मध्यें प्रसूतीच्या वेळीं ईथर, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म वापरलें, तेव्हां कांहीं धर्मनिष्ठांनीं बायबलांतील हव्वेचा शाप पुढें केला. सिम्प्सन त्यांच्यापेक्षां बायबल अधिक लक्षपूर्वक वाचणारा निघाला: आदामाची बरगडी काढण्यापूर्वीं देवानें त्याला गाढ झोंप आणली होती, असें त्यानें दाखवून दिलें. फिलाडेल्फियाचे प्रसूतिवैद्य चार्ल्स मेग्ज यांना शापाची गरज भासली नाहीं. प्रसूतीची वेदना ही निसर्गाची हितकर योजनाच आहे असें ते म्हणत. अखेर ७ एप्रिल १८५३ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणांत डॉ. जॉन स्नो यांनीं रुमालावर क्लोरोफॉर्म घालून तें तिला ५३ मिनिटें थोडें थोडें हुंगविलें. लंडनच्या पटकीचें मूळ १८५४ सालीं एका पाण्याच्या पंपांत शोधणारे ते हेच स्नो. राणी संतुष्ट झाली, नवव्या खेपेसहि तिनें तेंच मागितलें, आणि टीकाकारांचा आवाज बराच खालीं आला. आधींच्या सात खेपा तिनें तशाच काढल्या होत्या. म्हणजे तिला या विषयावर मत देण्याचा अधिकार टीकाकारांपेक्षां कांहींसा अधिक होता.

आमच्या ग्रंथांत वेदनेचें पुण्य कोठें सांगितलें आहे का, हें आम्हीं आमच्या अल्पमतीप्रमाणें शोधलें. सांपडलें तें निराळेंच. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या कमरेला, कुशींना, पाठीला आणि मांड्यांना कोमट तेल लावून तिला सुख होईल असें चोळावें, आणि प्रेमळ, अनुभवी बायकांनीं भोंवतीं बसून तिला धीर द्यावा, असें सांगितलें आहे. अशा वेळीं तिला मुसळ घेऊन कांडावयास लावावें, असें कोणाचेंसें मत होतें, तें आत्रेयांनीं खोडून काढलें आहे. मराठी भाषा तर याहूनहि स्पष्ट बोलते. बाई अडली म्हणतात, मोकळी झाली म्हणतात. 'सुखरूप सुटका झाली' हें पोस्टकार्डावरचें वाक्य आमच्या लहानपणीं घरोघर मोठ्यानें वाचलें जाई. जी भाषा जन्माला सुटका म्हणते, ती बोलणाऱ्यांनीं सुटकेची इच्छा करणाऱ्या मुलीकडे संशयानें पाहावें, हें आम्हांला व्याकरणदृष्ट्याहि विसंगत वाटतें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गमावलेली कल्याणची आनंदीबाई जोशी १८८६ सालीं मेग्ज यांच्याच त्या शहरांत डॉक्टर झाली, आणि तिनें प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. तिला हा विषय कां सुचला हें विचारण्याचें कारण नाहीं.

घरांत सर्वांना धास्ती होती ती आमच्या मातोश्रींच्या मताची. त्यांचें वय ऐशीं; बाळंतपणें तीन, तिन्ही माहेरीं, वाईला, सुईणीच्या हातचीं. 'तुला किती दुखलें होतें?' असा प्रश्न कोणता मुलगा आईला विचारतो? नातीनें विचारला.

"विसरलें ग," त्या म्हणाल्या. "बाई विसरते, म्हणून तर दुसरं होतं."

मग थोड्या वेळानें, कोणी न विचारतां, त्या बोलूं लागल्या. माजघरापलीकडची काळोखी खोली होती. वाशाला दोर बांधला होता. धरून धरून त्याचे तंतु तळहातांत रुतले होते. बाहेर पाऊस होता, कौलांतून एके ठिकाणीं गळत होतें, खालीं घंगाळ ठेवलें होतें. त्यांत पडणारे थेंब त्या मोजीत होत्या. चारशेंच्या पुढें आंकडे सुचेनात. ओसरीवर पुरुष बसले होते, म्हणून सुईणीनें तोंडांत पदराचा बोळा दिला. समोरच्या भिंतीचा पोपडा निघाला होता, तो घोड्याच्या तोंडासारखा दिसे. "एकच कान होता त्या घोड्याला," त्या म्हणाल्या, "रात्रभर बघत होतें." पंचावन्न वर्षांपूर्वींच्या भिंतीवरील घोड्याला कान किती हें जिला आठवतें ती बाई नेमकें काय विसरली आहे, हें आम्हांला समजलें नाहीं. त्या रात्रीं जन्मास आलेला प्राणी तेथेंच बसून हें ऐकत होता. त्याला बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं.

"घे तूं ती सुई," एवढें म्हणून मातोश्री जप करावयास उठल्या.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई त्या वेळीं ओटा पुसत होत्या. त्यांनीं विचारलें, "ताई, किती पडतात हो त्याला?" कन्येनें आंकडा सांगितला. आमच्या घरीं त्यांना मिळणाऱ्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा तो होता. "माझ्या वेळेला मी ओरडले तर नर्सनं मांडीवर चापट मारली," असें म्हणून त्यांनीं फडकें पिळलें. आमच्या देशांत बहुसंख्य बायकांच्या वांट्याला अजून हीच चापट आहे, किंवा तीहि नाहीं. भूल देणारा डॉक्टर सांपडला तर तो शस्त्रक्रियेच्या खोलींत गुंतलेला असतो. केवळ दुखतें म्हणून त्याला बोलावण्याची पद्धत नाहीं. त्या वृद्ध बाईंचा 'मिळते का?' हा प्रश्न म्हणून आम्हांला हंसण्यावारी नेतां आला नाहीं.

पुण्यांत मिळते, पण सर्वत्र नव्हे. ज्या प्रसूतिगृहांत कन्येचें नांव प्रथम घातलें होतें तेथें, "सगळ्याच बायका सोसतात," या एका वाक्यांत विषय संपला. सातव्या महिन्यांत दवाखाना बदलणें म्हणजे जवळजवळ स्थळ मोडण्यासारखें. आमचें कुटुंब कांहींसें नाराज होतें. व्याह्यांना काय वाटेल, ही त्यांची चिंता. जांवयांनीं शांतपणें सांगितलें कीं, त्यांनीं आधींच दुसरीकडे नांव घातलें आहे. या दुसऱ्या ठिकाणीं भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हजर असतात. तेथील बाईंनीं अर्धा तास बसून आमच्या मुलीला सर्व सांगितलें, गोड भाग आणि कडूहि. रक्तदाब उतरूं शकतो, म्हणून तो सारखा मोजावा लागतो. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते. कधीं एकाच बाजूला गुण येतो आणि नळी पुन्हां बसवावी लागते. शंभरांत सुमारें एकीच्या बाबतींत सुई आवरणाला लागते आणि पुढें कित्येक दिवस डोकें भयंकर दुखतें. शेवटचा टप्पा लांबतो, चिमट्याची मदत लागण्याचा संभव वाढतो. मात्र पोट फाडून मूल काढण्याचा प्रसंग या सुईमुळें अधिक वेळां येतो असें मोठ्या परीक्षणांत आढळलेलें नाहीं. कन्या हें सर्व वहींत लिहून घेत होती. जिला मुळीं ही सुई नकोच असेल तिच्यावर ती लादूं नये, असेंहि त्या बाई म्हणाल्या, आणि तें आम्हांला फार आवडलें.

परंतु एक अट निघाली. रक्त गोठविणाऱ्या ज्या सूक्ष्म पेशी असतात, ज्यांना आतां सर्वजण प्लेटलेट म्हणतात, त्यांची संख्या निरोगी माणसांत दीड लाखांच्या वर असते. गर्भारपणांत ती थोडी उतरते. हिची जरा अधिकच उतरूं लागली आहे. ती फार खालीं गेली तर सुईच्या वाटेवर रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब येण्याचें भय असतें. ८० हजारांच्या खालीं आपण सुई घालणार नाहीं, असें त्या बाईंनीं स्वच्छ सांगितलें आहे. गेल्या महिन्यांत आंकडा १ लाख २० हजार होता. मग १ लाख ४ हजार झाला. आतां दर सोमवारीं सकाळीं रक्त जातें आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरांत कोणाचें कशांत लक्ष लागत नाहीं. गेल्या सोमवारीं ९८ हजार आला. अजून तीन आठवडे आहेत.

मुलगी आमच्यापेक्षां धीराची आहे. आंकडा घसरला तर काय, हेंहि तिनें विचारून ठेवलें आहे: मुखवट्यांतून ओढावयाचा वायु असतो, शिरेंतून द्यावयाचें औषध असतें, दोन्ही बरीं आहेत, पण त्या सुईची सर त्यांना नाहीं. "चिंचेऐवजीं लिंबू," ती म्हणाली, आणि वही मिटली.

दवाखान्यांत न्यावयाची पिशवी परवां भरून झाली. दुपटीं, टोपडीं, कागदपत्रांची पाकिटें, साखर मोजण्याचें यंत्र. मातोश्रींनीं त्यांत तिळाच्या तेलाची एक बाटली ठेवली. कमरेला लावायला, म्हणून. चरकांचें नांव त्यांना ठाऊक नाहीं. कन्येनें लगेच दूरध्वनी करून भूलतज्ज्ञ बाईंना विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं, त्या दिवशीं पाठीला आणि कमरेला तेल मुळींच लावूं नये. जागा निर्जंतुक लागते, आणि तेलकट कातडीवर चिकटपट्टी धरत नाहीं. आतां आजींना वाईट वाटणार म्हणून मुलगी जरा चांचरतच तें सांगूं लागली.

मातोश्रींनीं बाटली काढली नाहीं. तिचें झांकण घट्ट केलें, फडक्यांत गुंडाळली आणि पुन्हां होती तेथेंच खोंचून ठेवली. "मग पाय चोळीन," त्या म्हणाल्या. "पायाला तर नाहीं ना चिकटवायचं कांहीं?"